पिवळी पडलेली पांढरी अंगठी

श्रावणात बेळगावात, आमच्या शहापूरच्या गल्लीत दागिन्यांची नवी खरेदी कमी आणि दुरुस्ती जास्त असते. गौरी-गणपती जवळ आले की बायका पेट्या उघडतात आणि वर्षभर न दिसलेलं सगळं एकदम दिसतं. तुटलेली कडी, घसरणारी फिरकी, काळवंडलेले मोती. अशाच एका पावसाळी शुक्रवारी निपाणीहून सासू-सून आल्या. बायकांना कर्नाटकच्या बसला तिकीट नसल्यापासून संकेश्वर, निपाणी, चिकोडीकडून दुरुस्तीसाठी बेळगावला येणाऱ्या बायका वाढल्या आहेत. सून निपाणीजवळच्या एका मराठी शाळेत शिकवते. तिचं नाव इथं देत नाही, मुलं म्हणतात तसं बाईच म्हणते. सासूला ती आत्या म्हणते, मीही तसंच लिहिते.

बाईंनी रुमालाची गाठ सोडली आणि अंगठी माझ्या समोरच्या मखमलीवर ठेवली. बोलायला सुरुवात आत्यांनी केली.

"पोरी, खरं काय ते सांग. ह्यो हिरा हाय का काच हाय? आणि हे सोनं तरी हाय का? माझ्या पोराला पुण्यात कुणीतरी फसवलंय."

बाई काहीच बोलल्या नाहीत. उजव्या हाताच्या अंगठ्यानं डाव्या अनामिकेवरचा लालसर वळ चोळत बसल्या. अंगठी साखरपुड्याची होती. साडेचार वर्षांपूर्वी घेतली तेव्हा चांदण्यासारखी होती म्हणे. आता हिरा मेणचटलेला आणि कडं मधूनमधून पिवळट झालं होतं. घरात वर्षभर धुसफूस चालली होती. आधी पुण्याच्या दुकानावर संशय, मग सुनेच्या माहेरावर, आणि गेल्या महिन्यात कुणीतरी म्हणालं की बाईंनी मधे कुठं दुरुस्तीला दिली असेल तर तिथं हिरा बदलला असेल. एवढंसं ते कडं, पण त्यानं घर ढवळून काढलं होतं. म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवावंसं वाटलं. घरी दागिने साफ करताना होणाऱ्या चुका मी वेगवेगळ्या घरांत वेगवेगळ्या पाहिल्या होत्या. एकाच अंगठीत सगळ्या एकत्र पाहण्याची ही पहिलीच वेळ.

अंगठी हातात आली की मी ती आधी धुवत नाही, भिंगाखाली धरते. हे मी नुकसान करून शिकले आहे. नवीन असताना एका गिऱ्हाइकाची बारीक खड्यांची अंगठी न तपासता अल्ट्रासोनिक मशीनमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी पाणी थरथरवून मळ सोडवणाऱ्या मशीनमध्ये, टाकली. मशीन बंद करून चिमट्यानं अंगठी उचलली तर एक घर रिकामं होतं. तो खडा आधीच सैल होता, त्याला जागेवर धरून ठेवलं होतं ते मळानं. मळ निघाला तसा खडाही निघाला. तळाच्या गढूळ पाण्यातून तो शोधायला दीड तास लागला, आणि त्या बाई समोर बसून होत्या. त्या दीड तासात माझ्या पोटात जे झालं ते मी अजून विसरलेले नाही.

तेव्हा आधी पाहणं. दहापट भिंगातून बाईंच्या अंगठीत हे दिसलं. कडं तळहाताच्या बाजूला पिवळट राखाडी, वरच्या बाजूला अजून पांढरं. सगळ्या कड्यावर एकाच दिशेचे बारीक ओरखडे, स्टीलचं भांडं वर्षानुवर्षं घासल्यावर पडतात तसे. मधला हिरा ३० सेंटचा, म्हणजे ०.३० कॅरेट, चार प्रॉंगांत, म्हणजे हिरा धरून ठेवणाऱ्या धातूच्या नख्यांत, बसवलेला. त्याच्या तोंडावर तेलकट साय. अंगठी उलटी केली तर हिऱ्याखालचं भोक, जिथून उजेड आरपार दिसायला हवा, ते राखाडी लगद्यानं बुजलेलं. दोन्ही बाजूंना पाच-पाच बारीक हिरे, त्यांतला एक सुईच्या टोकानं हलकं ढकलल्यावर हलला. आणि चार प्रॉंगांपैकी एकाला, जिथं तो हिऱ्यावर वाकवलेला असतो नेमक्या तिथं, केसाएवढी चीर. त्या चिरेत निळ्या लोकरीचा एक धागा अडकला होता.

"ह्या निळ्या धाग्याचं काही आहे का घरात?" मी विचारलं.

बाई पहिल्यांदा बोलल्या. "माझी शाल आहे ताई. गेल्या थंडीपासून अंगठी त्यात अडकते."

गेल्या थंडीपासून म्हणजे निदान सात महिने. अंगठी कपड्यात अडकायला लागली की तो प्रॉंग उचलल्याचा निरोप असतो, आणि तो बहुतेक घरांत कुणी ऐकत नाही.

मग मी विचारायला सुरुवात केली, पण दरडावून नाही. साफ कशानं केली, असं थेट विचारलं की माणसं 'कशानंच नाही' म्हणतात. मी दिवसाचा क्रम विचारला. पहाटे उठून काय, मग काय. पहाटे ज्वारीचं पीठ मळून भाकऱ्या, अंगठी बोटातच. शेंगदाण्याची चटणी कुटणं. केसांना खोबरेल. मग शाळा, पाच तास फळ्यावर खडू. संध्याकाळी भांडी. रात्री हाताला क्रीम. आणि दर शनिवारी टूथपेस्ट आणि जुना ब्रश घेऊन अंगठी घासणं. दात पांढरे होतात तर पांढरं सोनंही होईल, असं त्यांना वाटलं. गेल्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर दिराचं लग्न होतं. तेव्हा पिवळेपणा अगदीच दिसायला लागला म्हणून त्यांनी कपाटातल्या कपड्यांच्या ब्लीचमध्ये पाणी घालून अंगठी रात्रभर वाटीत ठेवली.

"पांढरं करायचंच ना ताई, म्हणून," बाई म्हणाल्या.

मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या म्हणण्यात तर्क होता, फक्त तो कपड्यांचा होता. पांढरं सोनं म्हणजे काय हे दुकानात त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. इतकी किमती वस्तू विकताना ती वापरायची कशी हे न सांगणं मला आमच्या धंद्याची मोठी चूक वाटते, आणि मी स्वतः ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते.

आधी आत्यांचा प्रश्न सोडवायला हवा होता. कड्याच्या आतल्या बाजूला हॉलमार्क होता. बीआयएस या सरकारी मानक संस्थेचं त्रिकोणी चिन्ह, १८के७५०, आणि शेजारी सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या एका दागिन्याचा ओळख क्रमांक. तो मी आत्यांसमोर फोनवरच्या बीआयएस केअर ॲपमध्ये घातला आणि आलेली माहिती त्यांना वाचून दाखवली. ७५० म्हणजे हजारात ७५० भाग सोनं, शंभरात पंचाहत्तर. उरलेल्या पंचवीस भागांत पॅलॅडियम किंवा निकेल, शिवाय जस्त, तांबं, चांदी असं काहीतरी असतं, आणि त्यांच्यामुळे सोन्याचा पिवळेपणा फिका पडतो. फिका पडतो, जात नाही. पांढरं सोनं उघडं ठेवलं तर ते दुधात एक थेंब केशर पडल्यासारखं दिसतं. दुकानात जे आरशासारखं पांढरं दिसतं ते सोनं नसतंच. तो वरचा रोडियमचा मुलामा असतो.

रोडियम हा प्लॅटिनमच्या कुळातला धातू, पांढराशुभ्र आणि कठीण. पण अंगठीवर त्याचा थर बसतो तो मायक्रॉनच्या काही दशांशांचा. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केसाच्या जाडीचा शंभरावा हिस्सासुद्धा नाही. रोज वापरातल्या अंगठीवरून तो वर्षा-दोन वर्षांत झिजतो, आणि सगळ्यात आधी तळहाताच्या बाजूला, जिथं परात, पिशवी, बसचा दांडा घासतो. बाईंच्या अंगठीचा पिवळेपणा नेमका तिथंच होता. टूथपेस्टमध्ये दात घासण्यासाठी बारीक कण असतात, सिलिकाचे नाहीतर चुनखडीचे. दर शनिवारी त्या कणांनी रोडियम खरवडला गेला आणि खालच्या सोन्यावर ओरखडे उठले. साफ करण्याच्या नादात त्यांनी चार वर्षं अंगठीचं पांढरेपणच पुसलं होतं. आत्या हे ऐकताना भिंगाला डोळा लावून बसल्या होत्या. मी कड्याची वरची बाजू दाखवली, मग खालची, परत वरची. तिसऱ्यांदा त्यांनी मान हलवली. "म्हंजे मुलामा गेला, सोनं तसंच हाय."

"तसंच आहे आत्या."

बाईंच्या बोटावरचा वळ मला वेगळं काही सांगत होता. मिश्रणात निकेल असेल आणि वरचा रोडियम गेला असेल तर निकेल थेट कातडीला लागतं, आणि काहींना त्याची खाज सुटते. शिवाय अंगठीखाली साबणाचं पाणी साचून राहतं. दोन्हींपैकी कशामुळे, हे ठरवणं माझं काम नाही, म्हणून मी त्यांना कातडीच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं. फक्त खोट्या नकली दागिन्यांनी कधी कान खाजले होते का, एवढं विचारलं. खाजले होते.

आता हिरा. आत्यांना हिरा काच वाटला यात त्यांची चूक नव्हती, कारण तो काचेसारखाच दिसत होता. हिऱ्याचा एक स्वभाव असा की पाणी त्याला नकोसं आणि तेल हवंहवंसं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीच्या खाणींत याच गुणावर हिरे वेचले जात. चरबी फासलेल्या उतरत्या फळ्यांवरून पाण्याबरोबर खडी सोडायची, साधे दगड वाहून जायचे आणि हिरे चरबीला चिकटून राहायचे. खाणीत उपयोगी पडलेली हीच खोड बोटात घातल्यावर त्रासाची होते. खोबरेल, क्रीम, भाकरीच्या पिठावरचा तेलाचा हात, सगळं हिऱ्याला जाऊन बसतं आणि मग त्या चिकट थरावर खडूची भुकटी.

आणि तेल वर बसण्यापेक्षा खाली बसलेलं जास्त नडतं. हिरा चमकतो तो वरून आत शिरलेला उजेड खालच्या पैलूंवर आपटून परत वर फिरतो म्हणून. त्याचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड किती वाकवतो त्याचा आकडा, २.४२ आहे. खाली नुसती हवा असेल तर पैलूवर साडेचोवीस अंशांपेक्षा तिरपा आलेला सगळा उजेड आतच परततो. खाली तेलाचा थर आला की ती मर्यादा सुमारे ३७ अंशांवर जाते, म्हणजे पूर्वी परतणारा बराच उजेड आता खालून निसटतो, आणि उरलेला राखाडी लगदा पिऊन टाकतो. बाई वर्षानुवर्षं हिऱ्याचं तोंड घासत होत्या, आणि त्याची पाठ कोंडलेलीच राहिली होती.

हे सांगून कुणाला पटत नाही, दाखवावं लागतं. पण त्या अंगठीत सैल खडा आणि चिरलेला प्रॉंग होता, म्हणून ब्रश लावणं धोक्याचं होतं. मी ती छोट्या जाळीच्या गाळणीत ठेवून गाळणीसकट काचेच्या वाटीत सोडली. पाणी कोमट, बाळाच्या अंघोळीचं असतं तितकंच, आणि त्यात भांडी धुवायच्या साबणाचे दोन थेंब. ब्रश नाही, हलवणं नाही. वाटी दोघींच्या मधे ठेवली आणि चहा सांगितला.

पहिली पाच मिनिटं काही झालं नाही. मग हिऱ्याखालच्या भोकातून एक राखाडी तार सुटली, भाताच्या पेजेसारखी दाट, आणि सावकाश तळाशी जाऊन बसली. मग दुसरी. वीस मिनिटांनी पाण्याच्या तळाला चिमूटभर गाळ होता. मी तो बोटावर घेऊन चोळला. मऊ, थोडा चिकट, आणि आत खरखर. पीठ, तेल आणि खडू. बाईंनी तो पाहिला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. गाळणी उचलून अंगठी दुसऱ्या वाटीतल्या स्वच्छ पाण्यात बुडवली, मलमलीवर टिपली आणि दाराकडच्या उजेडात धरली. बाहेर पाऊस होता, ऊन नव्हतंच. तरी हिऱ्यात एक बारीक निळा-तांबडा ठिपका चमकला. आत्या त्या ठिपक्याकडे बघत राहिल्या. मग सुनेकडे न बघता, हळू आवाजात म्हणाल्या, "मी उगंच बोलले गं तुला."

हिरा बदलल्याचाही संशय फिटला. त्याच्या कमरेवर, म्हणजे वरचा आणि खालचा भाग मिळतात त्या कडेवर, लेझरनं कोरलेला क्रमांक होता. तो स्वच्छ झाल्यावर भिंगातून वाचता आला आणि त्यांच्या जुन्या सर्टिफिकेटवरच्या क्रमांकाशी अंकागणिक जुळला. ते सर्टिफिकेट आत्यांनी साडेचार वर्षं प्लॅस्टिकच्या पिशवीत, देव्हाऱ्याच्या खणात जपून ठेवलं होतं.

प्रॉंगाची चीर मात्र टूथपेस्टनं घासण्याची नव्हती. ती ब्लीचची होती, असं माझं ठाम मत आहे. ब्लीचमधला क्लोरीन नुसता मळ काढत नाही, सोन्याच्या मिश्रणातले इतर धातू कुरतडतो. निकेल असलेल्या पांढऱ्या सोन्याला त्याचा जास्त धोका. आणि प्रॉंग हा अंगठीचा सगळ्यात ताणलेला भाग, कारण बसवताना तो गार असतानाच हिऱ्यावर वाकवलेला असतो आणि तो ताण त्यात कायम राहतो. ताण आणि क्लोरीन एकत्र आले की धातू वाकत नाही, चिरतो. वरून काही दिसत नाही, आणि एक दिवस शाल ओढताना तुकडा पडतो. बाईंचा हिरा पडला नाही, कारण उरलेले तीन प्रॉंग शाबूत होते आणि खालचा तो लगदा गच्च बसला होता. मळानं हिरा वाचवला म्हणायचा.

दुरुस्ती थोडक्यात लिहिते. चिरलेल्या प्रॉंगाला नवं टोक लावलं. त्याआधी हिऱ्यावर बोरिक ॲसिडचा लेप दिला, कारण हिरा म्हणजे कार्बन, उघड्या ज्योतीत फार तापला तर वरून दुधाळ पडतो. बाजूचा सैल हिरा आवळला. ओरखडे पॉलिशनं घालवले, पण हलक्या हातानं, कारण प्रत्येक पॉलिशमध्ये सोनं थोडं जातंच. शेवटी नवा रोडियम. आठवड्यानं अंगठी तयार झाली.

अंगठी देताना मी बाईंना घरची पद्धत कागदावर लिहून दिली. तीच इथं जरा सविस्तर.

सगळ्यात आधी अंगठी कानाजवळ धरून बोटानं हलकी टिचकी मारायची. आतून बारीक टिकटिक आली तर खडा सैल आहे, तिथंच थांबायचं. मग जुन्या रेशमी किंवा लोकरीच्या कपड्यावरून ती हळूच फिरवायची. धागा ओढला गेला तरी थांबायचं आणि सोनाराकडे जायचं. हे दोन्ही नीट असेल तरच पाणी. मोरीत किंवा बेसिनवर कधीही धुवायची नाही. बेळगावच्या कितीतरी अंगठ्या अशाच नाल्यात गेल्या असतील. टेबलावर जुना पंचा पसरायचा, त्यावर काचेची वाटी, कोमट पाणी, साध्या भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. अर्धा तास भिजत ठेवायची. सोनार करतो त्यातलं निम्म्याहून जास्त काम हा अर्धा तास करतो, पण बहुतेक माणसांना तेवढा धीर नसतो आणि ती घासायला लागतात. मग लहान बाळांचा मऊ ब्रश, आणि तोही मागून. अंगठी उलटी धरून हिऱ्याखालच्या भोकात ब्रशचे केस हलकेच फिरवायचे. हिऱ्याच्या तोंडावर दोन-तीनदा पुरे. दुसऱ्या वाटीत स्वच्छ पाण्यानं दोनदा खळबळून, धुऊन मऊ झालेल्या मलमलीवर टिपून अर्धा तास पंख्याखाली. ओली अंगठी बोटात घालायची नाही. अंगठीखाली ओल राहिली की कातडीला त्रास होतो.

बाईंनी चांगला प्रश्न विचारला. "ताई, नळाच्या पाण्यातही क्लोरीन असतो ना?" असतो, पण फार थोडा, आणि दोन मिनिटांच्या धुण्यानं काही होत नाही. धोका आहे तो ब्लीचचा, पोहण्याच्या तलावात तासन् तास राहण्याचा, आणि अंगठी बोटात ठेवून संडास-बाथरूम धुण्याचा. त्यांच्या घरी विहिरीचं पाणी आहे, ते जड आहे. अंगठीवर वाळलं की पांढरट डाग उरतात. शेवटचं खळबळणं फिल्टरच्या पाण्यानं करायला सांगितलं.

काय वापरायचं नाही, हे मी कागदावर मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहिलं, कारण आपल्याकडे सोनं धुवायच्या ढीगभर युक्त्या आहेत आणि त्या प्रेमानं दिल्या जातात. टूथपेस्ट, खायचा सोडा, रांगोळी, राख, मीठ, भांडी घासायची पावडर, हे सगळं खरवडतं. चिंच आणि लिंबू पितळेला ठीक, इथं नको. ब्लीच कधीच नाही. काच पुसायच्या काही स्प्रेमध्ये अमोनिया असतो, तो आणि ब्लीच चुकूनही एका वाटीत येऊ द्यायचे नाहीत, त्यातून विषारी वायू निघतो. ऑनलाइन मिळणारी घरगुती अल्ट्रासोनिक मशीनं बारीक खड्यांच्या दागिन्याला मी तरी घरी वापरू देणार नाही. कारण वर लिहिलंच आहे.

रिठ्याबद्दल आत्यांनी विचारलं, आणि ते त्यांनी विचारावं याचा मला आनंद झाला. आमच्या आजी रिठे भिजवून त्या पाण्यात दागिने धूत. रिठ्याला स्वतःचा फेस असतो, मऊ असतो, आणि साध्या सोन्याला तो आजही चांगला. फक्त पाणी मलमलीतून गाळून घ्यायचं, सालीचे कण घासायला लागले की तेही ओरखडेच काढतात. बाईंच्या अंगठीलाही गाळलेलं रिठ्याचं कोमट पाणी चालेल असं मी सांगितलं.

आणि इथंच एक मोठं नुकसान टळलं. आत्या म्हणाल्या, "मग माझी कुडी पण त्याच वाटीत टाकते."

मी ती आणून दाखवायला सांगितलं. पुढच्या खेपेला त्या घेऊन आल्या. त्यांच्या सासूची, सात हिऱ्यांची, आमच्याकडे कन्नड बायका बेंडोली म्हणतात त्या वळणाची. मागून पूर्ण बंद. जुन्या बंद कोंदणात हिऱ्याच्या मागे चमक यावी म्हणून पातळ चकचकीत पत्रा ठेवलेला असतो, आणि पोकळीत लाख भरलेली असते. तिथं पाणी शिरलं की तो पत्रा काळा पडतो, लाख फुगते किंवा सुटते, आणि हिरा कायमचा आंधळा होतो. अशी कुडी पाण्यात घालायचीच नाही. कोरडा मऊ ब्रश, हलका किंचित दमट कपडा वरून, लगेच कोरडं टिपणं, बस्स. मोत्याचं तर याहून नाजूक, साबणसुद्धा नको. पाचूतल्या भेगा बहुतेक वेळा तेलानं भरलेल्या असतात, गरम साबणाच्या पाण्यानं ते तेल निघून जातं आणि भेगा उघड्या पडतात. हिरा चालतो म्हणून हिऱ्याशेजारचं सगळं चालेल असं नाही. दागिना उलटा करून मागून उजेड दिसतो का, एवढं एक बघितलं तरी पुष्कळ कळतं. उजेड दिसत नसेल तर पाण्याजवळ न्यायचा नाही.

आत्यांची कुडी हातात धरून मी त्यांना एक गोष्ट सांगितली, कारण मला ती स्वतःला फार आवडते. त्यांच्या गावाजवळून वेदगंगा वाहते. वेदगंगा दूधगंगेला मिळते, दूधगंगा कृष्णेला, आणि तीच कृष्णा पुढं आंध्रात कोल्लूरपाशी जाते, जिथल्या काठावर एके काळी हिऱ्यांच्या खाणी होत्या. तीनशे-चारशे वर्षांपूर्वी जगातले नावाजलेले हिरे त्या काठच्या मातीतून निघत. आत्या म्हणाल्या, "म्हंजे आमच्याच पाण्याचं." त्या कुडीतले हिरे कुठले ते मला सांगता येणार नाही, पण त्यांचं म्हणणं मला खोडावंसं वाटलं नाही.

अंगठी नेल्यावर बाई दोन महिन्यांनी, दिवाळीच्या आधी आल्या. बोटावरचा वळ गेला होता. डॉक्टरांनी मलम दिलं होतं आणि काही आठवडे अंगठी काढून ठेवायला सांगितली होती. नवा रोडियम आणि ते मलम, दोन्हींचा वाटा असावा. हिरा स्वच्छ होता, भोकातून उजेड आरपार. महिन्यातून एकदा, पंधराव्या तारखेला, त्या वाटी मांडून बसतात. ब्रश मागूनच. टूथपेस्टला हात लावला नव्हता. मी भिंगाखाली चारही प्रॉंग पाहिले, बाजूचे दहा हिरे एकेक करून सुईनं तपासले. सगळं घट्ट.

एकच गोष्ट जुळत नव्हती. अंगठी भाकऱ्या करताना बोटात नसावी असं मी सांगितलं होतं, आणि ते सगळ्यात अवघड, कारण काढून ठेवलेली अंगठी हरवते. ओट्यावर ठेवली की पिठात जाते, खिशात ठेवली की धुण्यात जाते. म्हणून मी विचारलं, काढून कुठं ठेवता?

बाईंनी पिशवीतून एक पितळी करंडा काढला. आत्यांच्या लग्नातला, कुंकवाचा. झाकणाच्या कडेला अजून तांबूस रेघ होती, पण आतून तो धुऊन, पुसून, जुन्या मऊ साडीच्या तुकड्यानं गोधडीसारखा शिवून घेतला होता, अंगठी पितळेला लागू नये म्हणून. तो आता परातीच्या वरच्या फळीवर असतो. पहाटे पीठ मळायला बसायच्या आधी बाई अंगठी त्यात घालतात, आणि झाकण आत्या लावतात.

मी वहीत पुढची तारीख लिहिली, फाल्गुनातली, प्रॉंग तपासायची. रोडियम आणखी वर्षभर तरी पुरेल, मग पुन्हा द्यावा लागेल, हेही बाईंना सांगून ठेवलं.